वाळूतले सूक्ष्मप्लास्टिक प्रकाशाच्या मदतीने कसे ओळखावे : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुळणीवरून आणलेली मूठभर वाळू पेट्री डिशमध्ये पसरून भिंगाखाली धरली की निळे, हिरवे, पांढरे असे बरेच काही दिसू लागते आणि नवख्या माणसाला ते सगळेच प्लास्टिक वाटते. त्यातला पांढरा तुकडा बहुधा शिंपल्याचा निघतो, चकाकणारा पापुद्रा अभ्रकाचा असतो, पारदर्शक चकती माशाचे खवले असते आणि तो सुरेख निळा तंतू पुष्कळदा पाहणाऱ्याच्याच अंगावरच्या कपड्याचा असतो. म्हणून या कामात प्रत्येक कणाला, त्याचा वर्णपट, म्हणजे कण कोणकोणता प्रकाश शोषतो किंवा विखुरतो याचा आलेख, हाती येईपर्यंत, फक्त ‘संशयित’ म्हणावे. खाली दिलेली पद्धत महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतून सुरू करता येईल अशी आहे. उदाहरणासाठी कोकण किनाऱ्यावरची वाळू घेतली आहे, कारण ती गोळा करायला होडी लागत नाही आणि जाळेही लागत नाही.

सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण, हे आता बहुतेक सर्वत्र मान्य आहे. रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आल्यानंतर ही संज्ञा रूढ झाली. वरची मर्यादा अशी ठरलेली असली, तरी खालची मर्यादा प्रत्यक्षात आपल्या हातातले उपकरण ठरवते. डोळा आणि साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप यांच्यावर साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत भरवसा ठेवता येतो. अवरक्त प्रकाशाने पदार्थ ओळखणारे यंत्र म्हणजे एफटीआयआर, आणि त्यात कण स्फटिकावर दाबून तपासण्याची पद्धत म्हणजे एटीआर. चिमट्याने उचलून अशा यंत्रावर ठेवायचा कणही ३०० ते ५०० मायक्रोमीटरच्या खाली गेला की हाताळणे अवघड होते. सूक्ष्मदर्शक जोडलेले एफटीआयआर १० ते २० मायक्रोमीटरपर्यंत उतरते आणि लेसरने पदार्थ ओळखणारा रामन सूक्ष्मदर्शक सुमारे १ मायक्रोमीटरपर्यंत जातो. यांपैकी आपल्याला काय उपलब्ध आहे ते किनाऱ्यावर जाण्यापूर्वीच पक्के करावे, म्हणजे २० मायक्रोमीटरचे कण जपून वेगळे करण्यात महिना घालवायचा आणि मग ते ओळखायला यंत्रच नाही, अशी वेळ येत नाही.

पहिली पायरी : नमुना गोळा करणे

ओहोटीच्या वेळी जावे आणि शेवटच्या भरतीने ठेवलेली काडीकचऱ्याची रेघ शोधावी. या रेघेवर, एकमेकांपासून किमान पाच मीटर अंतर ठेवून, निदान पाच ठिकाणी २० सेंटीमीटर बाजूची धातूची चौकट टाकावी आणि आतली वरची पाच सेंटीमीटर वाळू स्टीलच्या पळीने काढून काचेच्या बरणीत भरावी. बरणीला प्लास्टिकचे झाकण असेल, तर मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल घालावी. वारा नमुन्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला उभे राहावे. वहीत तारीख, भरतीची वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश आणि आजूबाजूला काय चालते तेही लिहावे. पुळणीवर ओढलेल्या होड्या जिथे खरवडून रंगवल्या जातात, तिथल्या वाळूत रंगाचे पोपडे भरपूर सापडतात, आणि हे वहीत नोंदले नसेल तर पुढे प्रयोगशाळेत ते लालनिळे कण पाहून माणूस चक्रावतो.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात लाटा पुळण खणून नेतात आणि पाऊस सरल्यावर वाळू हळूहळू परत येते. त्यामुळे जुलैतली आणि फेब्रुवारीतली वाळू एकाच जागेवरची असली तरी ती तीच वाळू नसते. दोन ऋतूंची तुलना करायची असेल, तर हे आधीच गृहीत धरावे.

दुसरी पायरी : वाळूपासून कण सुटे करणे

नमुना ५० ते ६० अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. त्याहून जास्त तापमान देऊ नये, कारण काही प्लास्टिक मऊ पडून आक्रसते. मग तो ५ मिलिमीटरच्या स्टीलच्या चाळणीतून चाळावा. पुढचे तत्त्व साधे आहे : क्वार्ट्झ आणि शिंपल्यांची घनता २.६ ते २.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरच्या आसपास, रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटची त्याहून कितीतरी जास्त आणि बहुतेक प्लास्टिकची १.४ च्या आत असते. साधे मीठ एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम विरघळून द्रावण संपृक्त होते आणि त्याची घनता १.२ भरते. त्यावर पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन आणि नायलॉन तरंगतात. बाटल्यांचे पीईटी १.३८ चे असल्यामुळे ते तळाशी राहते आणि पीव्हीसीही बहुधा तिथेच राहते. तेही हवे असेल तर झिंक क्लोराइडचे १.५ ते १.७ घनतेचे द्रावण लागते. ते त्वचेला दाहक आणि जलचरांना विषारी असते, म्हणून ते गाळून पुन्हा वापरावे आणि मोरीत कधीही ओतू नये. नवशिक्याने मिठापासून सुरुवात करावी आणि अहवालात ‘१.२ पेक्षा कमी घनतेचे कण’ असे स्पष्ट लिहावे, असे माझे मत आहे.

मिठाचे द्रावण वापरण्यापूर्वी बारीक फिल्टरमधून गाळून घेणे अत्यावश्यक आहे. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय समुद्री मिठातच सूक्ष्मप्लास्टिक दाखवून दिले होते, तेव्हा न गाळलेले मीठ म्हणजे मोजायची वस्तू आपणच नमुन्यात घालण्यासारखे आहे. १०० ग्रॅम वाळूत द्रावण ओतून काचेच्या कांडीने ढवळावे, काही तास झाकून स्थिर ठेवावे आणि वरचे पाणी अलगद निर्वात गाळणीवर ओतावे. एकाच वाळूवर हे तीनदा करावे. फिल्टरवर शेवाळ, काड्या, कवचांचे तुकडे उरले असतील, तर ते ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, ५० अंशांच्या आत, रात्रभर ठेवावे. लोहक्षार घालून ही क्रिया वेगवान करता येते. मात्र मिश्रण अचानक तापून उतू जाऊ शकते, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, चष्मा आणि हातमोजे घालून, जवळ बर्फ ठेवून करावे. शिंपले घालवण्यासाठी तीव्र आम्ल वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यात नायलॉनही झिजते.

इथेच कोऱ्या नमुन्याची, म्हणजे ब्लँकची गोष्ट सांगायला हवी. मी हे काम शिकत होतो तेव्हा पहिल्या खेपेच्या प्रत्येक फिल्टरवर बारीक निळे तंतू मिळाले आणि आम्ही ते आनंदाने मोजलेही. वर्णपट घेतले तर सगळे पॉलिएस्टर, म्हणजे पीईटी. तेव्हा शंका आली की आपण तर मिठाचे पाणी वापरले होते आणि पीईटी त्यावर तरंगायला नको, मग एवढे आले कुठून? वाळू न घालता, केवळ द्रावण तीन बीकरमध्ये ओतून, तीच सगळी प्रक्रिया केली, तर तिन्ही फिल्टरवर तेच निळे तंतू. ते माझ्या सदऱ्याचे होते आणि डोक्यावरचा पंखा ते इमानेइतबारे पसरवत होता. त्या खेपेचे सगळे आकडे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून सुती कपडे, सुती ॲप्रन, पंखा बंद, प्रत्येक भांडे फॉइलने झाकलेले आणि दर खेपेला किमान तीन ब्लँक हा नियम आहे. याच्या उलट बाजूची तपासणीही करावी : ओळखीच्या प्लास्टिकचे मोजलेले कण, उदाहरणार्थ लाल पॉलिएथिलीनचे २० तुकडे, स्वच्छ वाळूत मिसळून त्यातले किती परत मिळतात ते पाहावे. २० पैकी १२ च हाती आले, तर दोष वाळूचा नसून हाताचा असतो.

तिसरी पायरी : सूक्ष्मदर्शकाखाली छाननी

वाळलेला फिल्टर झाकलेल्या काचेच्या पेट्री डिशमध्ये ठेवून २० ते ४० पट मोठा करून पाहावा. डिशखाली चौकटींचा कागद ठेवावा आणि शेत नांगरतात तसे एका कडेने ओळीओळीने जावे. कणात पेशींची रचना दिसता कामा नये, तंतूची जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी असावी आणि रंग एकसारखा असावा, हे तीन निकष सर्वत्र वापरले जातात. झाडाचा धागा टोकाकडे निमुळता होतो. जाळ्याच्या दोरीचा हिरवा तंतू सरळ, गुळगुळीत असतो आणि तुटल्या जागी त्याला झाडूसारखे केस सुटलेले दिसतात. चिमट्याच्या टोकाने हलके दाबले की शिंपला कट्कन मोडतो, शेवाळ चेपते आणि प्लास्टिक वाकून पुन्हा जागेवर येते. तापवलेली सुई जवळ नेली तर प्लास्टिकचे टोक वितळते किंवा वळते, पण ही चाचणी कण खराब करते, म्हणून ती वर्णपट घेऊन झाल्यावरच करावी. पांढऱ्या आणि पारदर्शक कणांबाबत डोळा सर्वांत जास्त फसतो. रंगीत कण सहज दिसतात म्हणून ते मोजणीत अधिक येतात आणि बेरंगी सुटतात.

प्रत्येक संशयिताचा मापपट्टीसह फोटो घ्यावा, त्याला क्रमांक द्यावा आणि आकार, रंग, लांबी तक्त्यात भरावी.

चौथी पायरी : नाईल रेडने रंगवणे

नाईल रेड हे स्निग्ध पृष्ठभागाला चिकटणारे रंगद्रव्य आहे. ते पाण्यात जवळजवळ निस्तेज असते, पण प्लास्टिकवर बसले आणि त्यावर निळा प्रकाश टाकला की ते पिवळ्या-नारिंगी छटेत उजळते. या उजळण्याला फ्लुओरेसन्स किंवा अनुस्फुरण म्हणतात. एक मिलिग्रॅम नाईल रेड एक मिलिलिटर ॲसिटोनमध्ये विरघळवून मूळ द्रावण करावे आणि वापरायच्या वेळी ते मिथेनॉलमध्ये शंभरपट पातळ करावे. ॲसिटोन थेट फिल्टरवर ओतू नये, कारण त्यात पॉलिस्टायरीन विरघळते. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने हेही काम हूडमध्येच करावे. काही थेंबांनी फिल्टर भिजवून अर्धा तास अंधारात ठेवावा, गाळलेल्या पाण्याने धुवावा आणि वाळवावा.

आता ४५० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश आणि पाहण्यासाठी नारिंगी फिल्टर लागतो. अनुस्फुरण सूक्ष्मदर्शक नसेल, तर निळ्या एलईडीची टॉर्च, कॅमेऱ्यापुढे नारिंगी काच आणि पूर्ण अंधारी खोली एवढ्यावरही मोठे कण छान दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवर एकामागून एक ठिपके पेटावेत तसे ते दृश्य असते. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर पहिल्या फिल्टरला ठरवले की शेवटपर्यंत बदलू नये आणि ब्लँकही त्याच एक्स्पोजरवर घ्यावा. इमेजजे या मोफत प्रणालीत उजळपणाची एक मर्यादा ठरवून ठिपके मोजता येतात.

या पद्धतीचा उपयोग ‘कुठे पाहावे’ हे कळण्यापुरता आहे. चरबी, मेणचट पाने, जीवांचे न विरघळलेले अवशेष हेही उजळतात, म्हणून पेरॉक्साइडची पायरी वगळली असेल तर फिल्टर दिवाळीसारखा दिसतो आणि त्याला काही अर्थ नसतो. उलट टायरचे काळे कण आणि गडद रंगाचे प्लास्टिक अंधारातच राहते, तर पीव्हीसी, पीईटी आणि नायलॉन बऱ्याचदा मंद उजळतात. शुद्ध पॉलिएथिलीन, पॉलिस्टायरीन, शिंपला, लाकूड आणि सुती धागा यांचा एक तुलनेचा फिल्टर सोबत रंगवून ठेवावा. रंगवलेल्या कणावर पुढे रामन घ्यायचे असेल, तर नाईल रेडचे अनुस्फुरण आड येते. त्यामुळे फिल्टरचे दोन संच करून एक न रंगवता ठेवणे सोयीचे पडते.

पाचवी पायरी : एफटीआयआर

कण नेमका कशाचा हे आता कळते. अवरक्त प्रकाश रेणूतल्या बंधांना कंप देतो, प्रत्येक बंध आपापल्या वारंवारतेचा प्रकाश शोषतो आणि शोषलेल्या जागा वर्णपटात शिखरांच्या रूपाने दिसतात. आडव्या अक्षावर तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये बसणाऱ्या लाटांची संख्या, असते आणि तिचे एकक ‘प्रति सेंटीमीटर’ हे असते. पुढचे सर्व आकडे त्याच एककात आहेत. एटीआर पद्धतीत कण हिऱ्याच्या लहानशा स्फटिकावर ठेवून वरून दाबतात. प्रत्येक कणानंतर स्फटिक इथेनॉलने पुसावा आणि रिकाम्या स्फटिकाची पार्श्वभूमी पुन्हा घ्यावी, नाहीतर मागच्या कणाचे अवशेष पुढच्यात दिसतात.

यंत्राच्या संगणकातील, ओळखीच्या पदार्थांच्या वर्णपटांच्या संग्रहाशी तुलना होऊन टक्क्यांत जुळणी येते, पण मुख्य शिखरे स्वतः ओळखता आली पाहिजेत. पॉलिएथिलीनची ओळख सोपी आहे : २९१५ आणि २८४८ ला दोन उंच शिखरे, १४७० च्या आसपास एक आणि ७२० जवळ एक बारीक जोडी, बाकी जवळजवळ सपाट. पॉलिप्रॉपिलीनमध्ये १३७७ चे शिखर ठळकपणे वाढते. पॉलिस्टायरीन ३०२५, १६०१, १४९३ आणि ६९८ ला बोलते. पीईटीचे १७१५ च्या आसपासचे आणि १२४० चे शिखर लक्षात ठेवावे. नायलॉनमध्ये ३३०० जवळ एक आणि १६३५ व १५४० ही जोडी येते. ३३३० ला रुंद फुगवटा आणि १०३० जवळ मोठा डोंगर दिसला, तर तो सेल्युलोज आहे, म्हणजे कापूस, लाकूड किंवा व्हिस्कोस, आणि या तिघांत फरक करणे बऱ्याच वेळा जमत नाही.

एक प्रत्यक्ष कण घेऊ. दोन मिलिमीटरचा, पिवळसर, कडा भेगाळलेला पापुद्रा. वर्णपटात २९१५ आणि २८४८ ठळक आहेत, ७२० ची जोडीही आहे, पण १७१५ जवळ एक फुगवटा आणि १०२० जवळ दुसरा. संग्रहाची जुळणी कशीबशी साठीच्या घरात येते आणि नवशिक्या तो ‘अज्ञात’ म्हणून बाजूला टाकतो. वास्तविक १७१५ चा फुगवटा उन्हात झालेल्या ऑक्सिडीकरणाने तयार झालेल्या कार्बोनिल गटांचा आहे आणि १०२० चा कणाला चिकटलेल्या मातीचा. कण पाण्याने आणि मऊ कुंचल्याने साफ करून पुन्हा वर्णपट घेतला की दुसरा फुगवटा उतरतो. पहिला राहतो आणि तोच सांगतो की ही पॉलिएथिलीनची पिशवी बराच काळ उन्हात पडून होती. पुष्कळ जण ७० टक्के जुळणी ही सीमा मानतात. ती सोयीची आहे, पण तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा प्रत्येक वर्णपट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निकाल लिहू नये.

याच्या नेमका उलट सापळा हातमोज्यांचा आहे. काही हातमोजे साच्यातून सहज सुटावेत म्हणून त्यांवर स्टिअरेट या साबणासारख्या पदार्थाचा थर असतो. त्याच्या लांब हायड्रोकार्बन साखळीमुळे २९१५ आणि २८४८ ही शिखरे हुबेहूब येतात आणि संग्रह बेधडक ‘पॉलिएथिलीन’ म्हणतो. अशा वेळी १५४० ते १५८० च्या पट्ट्यात पाहावे. तिथे शिखर असेल तर तो कण किनाऱ्यावरचा नसून आपल्याच बोटांवरून आलेला आहे.

अर्ध्या मिलिमीटरहून लहान कणांसाठी सूक्ष्मदर्शक जोडलेले एफटीआयआर वापरून फिल्टरचाच नकाशा काढतात. त्यासाठी फिल्टर कशाचा हे महत्त्वाचे ठरते. सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर स्वतःच मोठी शिखरे देतो, तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा फिल्टर सुमारे १२५० च्या खाली प्रकाश जाऊ देत नाही, म्हणून ओळख त्यावरच्या भागातूनच पटवावी लागते. नमुना ओला असेल तर काहीच साधत नाही, कारण पाणी अवरक्त प्रकाश जोरात शोषते.

सहावी पायरी : रामन वर्णपट

१९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन ‘नारकुंडा’ या बोटीने युरोपातून परतताना समुद्राचा निळा रंग न्याहाळत होते आणि बोट मुंबई बंदरात आली तेव्हा त्या रंगाविषयीचे त्यांचे पत्र ‘नेचर’साठी तयार होते. त्या विचाराचा धागा पुढे २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात रामन परिणामापर्यंत पोहोचला. समुद्रातले प्लास्टिक ओळखायला आज तोच परिणाम वापरला जातो. एका रंगाचा लेसर कणावर टाकला की विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग रंग बदलून परततो आणि तो बदल रेणूची ओळख सांगतो. पाण्याचा रामन संकेत क्षीण असल्याने ओला कणही चालतो, आणि १ मायक्रोमीटरचा कण टिपता येतो.

सुरुवातीला सिलिकॉनच्या तुकड्यावर ५२०.५ चे शिखर जागेवर येते का ते तपासावे. मग शुद्ध पॉलिस्टायरीन घेऊन १००१ चे टोकदार शिखर पाहावे. हे दोन्ही बरोबर आले की नमुन्याला हात लावावा. लेसर ७८५ नॅनोमीटरचा घेतला तर अनुस्फुरणाचा त्रास कमी होतो, ५३२ चा घेतला तर संकेत जोरदार मिळतो पण वर्णपट पार्श्वभूमीच्या लाटेत बुडण्याची भीती असते. शक्ती सर्वांत कमी ठेवून हळूहळू वाढवावी, कारण गडद कण लेसरने जळतो आणि मग उरलेल्या काजळीचाच वर्णपट येतो. निळ्या-हिरव्या कणांत आणखी एक अडचण येते : फ्थॅलोसायनिनसारखे रंगद्रव्य एवढ्या जोराने बोलते की त्याखालचे प्लास्टिक ऐकू येत नाही. अशा कणाची कड किंवा ताजा कापलेला भाग तपासावा, नाहीतर तो एफटीआयआरकडे परत पाठवावा. काळ्या आणि भरपूर रंगवलेल्या मोठ्या कणांना एफटीआयआर, १० मायक्रोमीटरखालच्या कणांना रामन, ही वाटणी मला सर्वांत कामाची वाटते.

ही यंत्रे आपल्याकडे नसतील तर बऱ्याच विद्यापीठांत आणि संस्थांत नमुन्यामागे शुल्क घेऊन वेळ मिळते. कोणते उपकरण कुठे आहे हे आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर शोधता येते. वर्णपटांच्या तुलनेसाठी ओपन स्पेसी हे मोफत साधन आहे.

सातवी पायरी : मोजणी आणि नोंद

सगळे संशयित यंत्राखाली नेणे शक्य नसते. त्यांतले कण चिठ्ठ्या टाकून निवडावेत, कारण हाताने निवडले की डोळा सुंदर रंगीत तुकड्यांकडेच जातो. निवडलेल्या ५० पैकी ३१ प्लास्टिक ठरले, तर उरलेल्यांनाही तेच प्रमाण लावल्याचे स्पष्ट लिहावे. ब्लँकमधले तंतू रंग आणि प्रकार पाहून वजा करावेत. आकडा ‘प्रति किलोग्रॅम कोरडी वाळू’ असा द्यावा, शक्य असल्यास ‘प्रति चौरस मीटर’ही द्यावा, कारण दुसऱ्याने केलेले काम कोणत्या एककात असेल सांगता येत नाही. त्याच ओळीत कणांची खालची मर्यादा, द्रावणाची घनता, ब्लँकची सरासरी आणि परत मिळालेल्या कणांचे प्रमाण लिहावे. ‘३०० मायक्रोमीटरवरचे, १.२ घनतेच्या द्रावणावर तरंगलेले’ हे शब्द नसलेला आकडा दुसऱ्या कुठल्याही आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

तपासून झालेले फिल्टर झाकलेल्या काचेच्या डिशमध्ये, अंधाऱ्या कपाटात, क्रमांकासह ठेवावेत आणि कच्चे वर्णपट, पार्श्वभूमी वजा न करता, मूळ फाइलींसह जतन करावेत.